आपल्याच घड्याळातले दोष सांगणारा सुतार

३० जून १७३७. लंडनमध्ये बोर्ड ऑफ लाँजिट्यूडची, म्हणजे समुद्रात रेखांश शोधायचा उपाय सांगणाऱ्याला बक्षीस देण्यासाठी नेमलेल्या समितीची, मीटिंग भरली होती. बोर्ड स्थापन होऊन २३ वर्षं झालेली, पण नोंद असलेली ही पहिलीच मीटिंग, कारण एवढ्या वर्षांत सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं कोणी काही बनवलंच नव्हतं. समोर आरमारातले मोठमोठे अधिकारी, गणिताचे प्रोफेसर, आणि ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे ते एडमंड हॅली. आणि या सगळ्यांपुढे उभा होता लिंकनशायरमधल्या एका खेड्यातून आलेला ४४ वर्षांचा सुतार जॉन हॅरिसन, आणि त्याचं ३५ किलोच्या आसपास वजनाचं अवाढव्य घड्याळ.

हे घड्याळ आदल्या वर्षी 'सेंच्युरियन' जहाजावरून लिस्बनला जाऊन आलं होतं. येताना 'ऑर्फर्ड' जहाजावर इंग्लंडचा किनारा दिसायला लागला तेव्हा जहाजावरचे जाणते म्हणाले हे स्टार्ट पॉइंटचं भूशिर, हॅरिसन म्हणाला नाही, माझ्या हिशोबाने हे लिझर्डचं भूशिर आहे. आणि ते लिझर्डच निघालं. म्हणजे अख्खं जहाज आपण कुठे आहोत ते ६० मैलांनी चुकलं होतं आणि सगळा प्रवासभर समुद्र लागून बेजार झालेला हा माणूस बरोबर होता. जहाजाच्या मास्टरने तसं लिहूनही दिलं. त्यामुळे मीटिंगमध्ये सगळे खूश. नियमाप्रमाणे हॅरिसनने फक्त एवढंच म्हणायचं होतं की आता वेस्ट इंडीजच्या प्रवासावर याची परीक्षा घ्या. पास झालं असतं तर २०,००० पाउंड, त्या काळात सात पिढ्या बसून खातील एवढी रक्कम.

त्याने ते मागितलंच नाही. तो त्या घड्याळात काय काय कमी आहे तेच सांगत बसला. हे फार मोठं आहे, यात अमुक दोष आहेत, मला थोडे पैसे द्या, दोन वर्षांत याच्याहून चांगलं बनवून आणतो. बोर्डाने ५०० पाउंड कबूल केले, निम्मे आत्ता आणि निम्मे नवीन घड्याळ झाल्यावर. त्या खोलीत त्या घड्याळाबद्दल वाईट बोलणारा एकच माणूस होता आणि तो म्हणजे ते बनवणारा.

हॅरिसनची गोष्ट बहुतेक वेळा गरीब बिचारा कारागीर आणि त्याला छळणारे गर्विष्ठ खगोलशास्त्रज्ञ अशी सांगितली जाते, आणि त्यात तथ्य आहेच, पुढे त्याबद्दल लिहिणार आहे. पण मला या माणसाबद्दल जो आदर वाटतो तो त्याच्यावर अन्याय झाला म्हणून नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तर हा माणूस आयुष्यभर याच्या बरोब्बर उलटा वागला. स्वतःच्या कामाचा सगळ्यात कडक परीक्षक तो स्वतः होता, आणि त्याची किंमत त्याने वर्षांमध्ये मोजली, एकदोन नाही, दशकं.

आधी हा सगळा खटाटोप कशासाठी ते सांगते, नाहीतर घड्याळासाठी एवढं बक्षीस का हे कळणार नाही.

जहाज समुद्रात उत्तर-दक्षिण कुठे आहे हे सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून कळतं, ते खलाशांना केव्हाचं येत होतं. पण पूर्व-पश्चिम कुठे आहे, म्हणजे रेखांश, हे आकाशाकडे नुसतं बघून कळत नाही कारण पृथ्वी फिरते, तासाला १५ अंश, म्हणजे दर ४ मिनिटांना १ अंश. मग उपाय काय, तर निघालो त्या बंदरात आत्ता किती वाजलेत हे माहीत पाहिजे. आपल्या डोक्यावर सूर्य आला, दुपारचे १२ झाले, आणि घरच्या वेळेचं घड्याळ दुपारचे ३ दाखवतंय, तर आपण घरापासून ४५ अंश पश्चिमेला आहोत. झालं. इतकं सोपं आहे. फक्त घरची वेळ न चुकता सांगणारं घड्याळ जहाजावर पाहिजे, आणि तिथेच सगळं अडलं होतं. लंबकाचं घड्याळ डोलणाऱ्या जहाजावर चालत नाही, आणि खिशातली घड्याळं त्या काळी दिवसाला मिनिटभर तरी इकडेतिकडे व्हायची. वर उकाड्यात धातू प्रसरण पावतो, थंडीत आकुंचन पावतो, आत घातलेलं तेल कधी पातळ होतं कधी घट्ट. न्यूटनसारख्या माणसाने सुद्धा हीच सगळी कारणं देऊन असं घड्याळ अजून कोणी बनवलेलं नाही असं सांगितलं होतं आणि त्याचा भर आकाशातल्या उपायावर होता.

आणि हे न कळल्यामुळे माणसं मरत होती. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री ॲडमिरल क्लाउड्सली शॉव्हेलचा ताफा जिब्राल्टरकडून घरी परतताना सिली बेटांच्या खडकांवर आपटला, चार जहाजं बुडाली, १,४०० ते २,००० माणसं गेली. घर इतकं जवळ आलेलं असताना. त्यानंतर सात वर्षांनी, १७१४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात अर्ध्या अंशापर्यंत रेखांश सांगणाऱ्याला २०,००० पाउंड, दोन तृतीयांश अंशापर्यंत १५,००० आणि एक अंशापर्यंत १०,०००. अर्धा अंश म्हणजे वेळेत २ मिनिटं. सहा आठवड्यांच्या प्रवासात मिळून २ मिनिटं, म्हणजे दिवसाला ३ सेकंदांपेक्षाही कमी चूक. डोलत्या, ओल्या, खाऱ्या वाऱ्याच्या जहाजावर.

हॅरिसनचा जन्म १६९३ चा, यॉर्कशायरमधल्या फाउल्बी गावचा. वडील सुतार. लहान असतानाच कुटुंब लिंकनशायरमधल्या बॅरो-अपॉन-हंबरला आलं आणि तिथेच तो वाढला. कॉलेजबिलेज काही नाही. कोणाकडून तरी केंब्रिजचे गणिताचे प्रोफेसर निकोलस सॉण्डर्सन यांच्या लेक्चर्सची हस्तलिखित प्रत मिळाली ती त्याने अख्खी हाताने उतरवून काढली, आकृत्यांसकट. चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांत तो होता, गाणाऱ्यांचा गट शिकवायचा, व्हायोल नावाचं तंतुवाद्य वाजवायचा. मला वाटतं कानाचा हा भाग महत्त्वाचा आहे, सूर किंचित जरी हलला तरी ज्याला चैन पडत नाही असा माणूस घड्याळाकडे वळला तर काय होईल ते पुढे दिसतंच.

वयाच्या विशीत त्याने पहिलं घड्याळ केलं, १७१३ मध्ये, आणि ते लाकडाचं. सुतार होता, लाकूड हातातलं होतं. पुढे ब्रॉकल्सबी पार्कच्या मनोऱ्यासाठी घड्याळ बनवलं त्यात त्याने घर्षण होणाऱ्या जागी लिग्नम व्हिटी नावाचं लाकूड वापरलं, या लाकडातच स्वतःचं तेल असतं त्यामुळे वरून तेल घालावंच लागत नाही. इतर घड्याळजी चांगलं तेल शोधत होते आणि याने तेलाची गरजच काढून टाकली. ते घड्याळ आजही चालतं.

मग भाऊ जेम्सबरोबर मिळून १७२५ ते १७२८ च्या सुमाराला त्याने उंच लंबकाची घड्याळं केली. उन्हाळ्यात लंबक लांबतो आणि घड्याळ मागे पडतं, तर याने पितळेच्या आणि पोलादाच्या नऊ कांड्या एकाआड एक अशा जोडल्या की पोलाद जितकं खाली लांबवायला जातं तितकंच पितळ वर उचलतं, आणि लंबकाची लांबी आहे तिथेच राहते. दुसरी गोष्ट, घड्याळाची टिकटिक जिथून येते तो भाग, एस्केपमेंट. तो चाकाला एकेक दात पुढे सरकू देतो, आणि साध्या घड्याळात तिथे धातूवर धातू घासतो म्हणून तेल लागतं. हॅरिसनच्या एस्केपमेंटला घासणंच नाही, दोन पाय आळीपाळीने चाकाला अलगद टेकतात आणि टुणकन उडी मारून सुटतात, म्हणून त्याला नाकतोडा असं नाव पडलं.

आता ही घड्याळं बरोबर चालतायत हे तपासणार कसं, कारण त्या खेड्यात याच्या घड्याळापेक्षा अचूक असं दुसरं काही नव्हतंच. तर तो रात्री घराच्या खिडकीच्या कडेपाशी डोळा ठेवून बसायचा आणि शेजाऱ्याच्या धुराड्यामागे ठराविक तारा कधी दिसेनासा होतो ती वेळ टिपायचा. तारा रोज आदल्या दिवसापेक्षा ३ मिनिटं ५६ सेकंद आधी दिसेनासा होतो, याच्यात पृथ्वी कधी चुकत नाही. एक खिडकी, एक धुराडं आणि अख्खी पृथ्वी, हीच त्याची लॅब! त्यावरून त्याने पडताळलं की आपल्या घड्याळाची चूक महिन्याला सेकंदाच्या आसपास आहे. त्या काळात लंडनच्या नामवंत घड्याळजींनाही हे जमत नव्हतं.

१७३० च्या सुमाराला तो आराखडे घेऊन लंडनला हॅलींकडे गेला. हॅली राजखगोलशास्त्रज्ञ, पण त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हे माझ्या हातातलं नाही, तू जॉर्ज ग्रॅहमकडे जा. ग्रॅहम म्हणजे त्या वेळचा इंग्लंडमधला सगळ्यात मोठा घड्याळ बनवणारा. सुरुवातीला दोघांचं जरा वाजलंच, मग बोलणं सुरू झालं सकाळी १० ला ते संपलं रात्री ८ ला. आणि निघताना ग्रॅहमने त्याला पैसे दिले, व्याज न घेता. मला हा प्रसंग अतिशय आवडतो. स्वतःच्या धंद्यातला, ना ओळख ना पाळख असा खेडवळ माणूस दारात येतो, तो आपल्यापेक्षा पुढे आहे हे दिवसभरात लक्षात येतं, आणि त्यावर माणूस काय करतो तर थैली उघडतो. हॅरिसनच्या गोष्टीत वाईट वागलेल्या लोकांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, ग्रॅहमचं नाव त्याहून मोठ्याने घ्यायला पाहिजे.

त्यातून पाच वर्षांनी जे झालं ते पहिलं सागरी घड्याळ, आज ज्याला एच-१ म्हणतात. आणि लिस्बन आणि ती मीटिंग.

दुसरं घड्याळ त्याने दोन वर्षांत केलं सुद्धा, १७३९ पर्यंत. आणखी जड, आणखी भक्कम. हे समुद्रावर कधी गेलंच नाही, स्पेनशी युद्ध सुरू झालं आणि घड्याळ शत्रूच्या हाती पडायला नको असं एक कारण झालं, पण खरं कारण हॅरिसनच होता. त्याच्या लक्षात आलं की यातले दांड्यांसारखे बॅलन्स, म्हणजे लंबकाच्या जागी झुलून वेळ मोजणारे भाग, जहाज वळताना फसतात, बॅलन्स गोल चाकाचा पाहिजे होता. म्हणजे मूळ कल्पनेतच खोट. हे दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं, निदान लगेच तर नाहीच. त्याला दिसलं, आणि एकदा दिसल्यावर त्याने त्या घड्याळावर पाणी सोडलं आणि तिसरं सुरू केलं.

तिसऱ्याला १९ वर्षं लागली.

७५३ भाग, १७४० पासून १७५९ पर्यंत. ग्रिनिचच्या वेधशाळेत ही घड्याळं ओळीने मांडलेली आहेत आणि मी ती प्रत्यक्ष बघितली आहेत. पहिल्या घड्याळापाशी गर्दी असते, त्याचे दोन बॅलन्स समोरासमोर झुलत असतात, एक इकडे तर दुसरा तिकडे, वर गोल गोळे, मधे स्प्रिंगा, दातेरी चाकं लाकडाची, त्याच्यावरून नजर हटत नाही. तिसरं त्या मानाने कोणी बघत नाही. मी मात्र तिथेच थांबले, वाकून आतली चाकं बघत, कारण मला माहीत होतं की एका माणसाच्या वयाची ४७ ते ६६ ही वर्षं या काचेच्या पेटीत आहेत. आणि ते काही नीट जमलं नाही. त्याने वर्षानुवर्षं ते जुळवलं, खोललं, परत जुळवलं, त्याला पाहिजे होती तेवढी अचूकता त्यातून आलीच नाही.

पण या न जमलेल्या घड्याळासाठी त्याने दोन गोष्टी शोधल्या. एक, पितळेची आणि पोलादाची पट्टी एकमेकींना चिकटवून केलेली जोडपट्टी, जी तापमान बदललं की वाकते. पुढे असंख्य थर्मोस्टॅटमध्ये, इस्त्रीत आणि टोस्टरमध्ये हीच पट्टी बसली. दुसरी गोष्ट म्हणजे पिंजऱ्यात बसवलेलं रोलर बेअरिंग, ज्यात फिरणारे रोळ एकमेकांना घासू नयेत म्हणून वेगवेगळे धरून ठेवलेले असतात. आज गाड्या, पंखे, मोटारी, कारखान्यातली मशिनं, जिथे काही फिरतं तिथे त्या बेअरिंगचे वंशज आहेत. जगाला हॅरिसनकडून हाताला लागेल असं जे मिळालं त्यातलं बरंचसं त्या फसलेल्या १९ वर्षांतून मिळालंय. ती वर्षं वाया गेली असं कोणी लिहिलेलं वाचलं की मला खरंच राग येतो.

बोर्डसुद्धा या काळात त्याला मधूनमधून ५०० पाउंड देत होतं, हे सांगायलाच पाहिजे. इतकी वर्षं हातात काही न पडता एका माणसाच्या कामावर पैसे घालत राहणं ही आजच्या कुठल्याही सरकारला सोपी गोष्ट नाही. १७४९ मध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने त्याला कोपली मेडल हा आपला मोठा सन्मान दिला.

आणि मग वळण आलं. १७५३ च्या सुमाराला लंडनच्या जॉन जेफ्रीज नावाच्या घड्याळजीने हॅरिसनच्या सांगण्यावरून, त्याच्या स्वतःच्या वापरासाठी एक खिशातलं घड्याळ बनवलं. ते इतकं चांगलं चाललं की हॅरिसन विचारात पडला. तोपर्यंत त्याचा पक्का समज होता की अचूकता पाहिजे तर घड्याळ मोठं पाहिजे, आणि खिशातली घड्याळं म्हणजे खेळणी. आता विचार करा, वय ६०, हातात अर्धवट असलेलं तिसरं घड्याळ, त्याच्यावर १३ वर्षं गेलेली, आणि समोर असा पुरावा की तू ज्या दिशेला चाललायस ती दिशाच चुकीची आहे. अशा वेळी बहुतेक माणसं पुराव्यात खोट काढतात. हॅरिसनने दिशा बदलली.

चौथं घड्याळ, एच-४, १७५९ मध्ये तयार झालं. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोला थोडं कमी. चांदीचं केस, पांढरी डायल, त्याच्यावर काळी वेलबुट्टी, लांबून बघितलं तर जरा मोठं खिशातलं घड्याळ वाटावं. ३५ किलोवरून दीड किलोवर! आतलं गणितही पार वेगळं. जहाजाच्या हेलकाव्यांचा परिणाम होऊ नये म्हणून पहिल्या घड्याळात एकमेकांना तोलणारे दोन जड बॅलन्स होते, इथे एकच चाक, पण त्या काळच्या घड्याळांच्या मानाने मोठं आणि जोरात चालणारं, सेकंदाला पाच ठोके. जोरात फिरणाऱ्या भोवऱ्याला बारीकसा धक्का लागला तरी तो डगमगत नाही, तसं. ज्या ठिकाणी घर्षण टळतच नव्हतं तिथे त्याने हिऱ्याचे बारीक तुकडे बसवले. आणि मुख्य स्प्रिंगचा जोर कमीजास्त होतो म्हणून आत एक छोटी स्प्रिंग, जी दर साडेसात सेकंदांनी स्वतःहून पुन्हा ताणली जाते, त्यामुळे चाकाला मिळणारा जोर कायम सारखा. आतल्या प्लेटवर कोरलंय, जॉन हॅरिसन आणि मुलगा, १७५९. आणि आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आपल्या वस्तूचं मोकळेपणाने कौतुक करताना दिसतो, या जगात याच्याहून सुंदर यांत्रिक किंवा गणिती वस्तू नसेल अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. बोर्डासमोर तिसरं आणि चौथं दोन्ही होती, त्याने प्रवासाला पाठवलं फक्त चौथं. १९ वर्षांचं बाजूला ठेवून.

ते 'आणि मुलगा' म्हणजे विल्यम. पहिलं घड्याळ पूर्ण झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता. वडील आता ६८ चे, समुद्र झेपणार नाही, म्हणून १८ नोव्हेंबर १७६१ ला 'डेप्टफर्ड' जहाजावरून घड्याळ घेऊन विल्यम निघाला जमैकाला. वाटेत मदिरा बेटावर थांबायचं होतं, जहाजावरची बिअर खराब झालेली, सगळे कावलेले, आणि कॅप्टनच्या हिशोबात आणि घड्याळाच्या हिशोबात जवळजवळ दीड अंशाचा फरक. विल्यम म्हणाला आहे ती दिशा सोडू नका, उद्या बेट दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसलं. कॅप्टन डिग्जने सांगून टाकलं की असं घड्याळ विकायला आलं की पहिलं माझं. जमैकाला पोचल्यावर हिशोब केला तर अडीच महिन्यांहून जास्त काळात घड्याळ मागे पडलं होतं ५.१ सेकंद. म्हणजे अंतरात साधारण सव्वादोन किलोमीटर, अख्खा अटलांटिक ओलांडून. येताना वादळ इतकं की विल्यमने घड्याळ घोंगड्यांमध्ये गुंडाळून सांभाळलं.

इथे बक्षीस द्यायला पाहिजे होतं. दिलं नाही. घड्याळ रोज किती पुढेमागे जातं तो दर निघण्याआधी ठरवून जाहीर केला नव्हता, जमैकाचा रेखांशच नक्की माहीत नाही, कदाचित योगायोग असेल, परत जाऊन या. मला यातला पहिला मुद्दा पटतो, आधी दर न सांगता नंतर तो धरून हिशोब केला तर कोणीही शंका घेईल. १७६४ मध्ये पुन्हा प्रवास, आता बार्बाडोसला, ४७ दिवसांत चूक ३९.२ सेकंद. कायद्यात २ मिनिटं चालणार होती. तिप्पट चांगला निकाल, दर आधी सांगून, आणि तरीही बोर्ड अडून बसलं, आणि इथे मात्र मला त्यांची बाजू घेता येत नाही.

नेव्हिल मॅस्केलीनबद्दल लिहिलं पाहिजे, या गोष्टीतला व्हिलन तो. चंद्र आणि तारे यांच्यातलं अंतर मोजून वेळ काढायची पद्धत त्याची लाडकी, आणि १७६५ मध्ये तोच राजखगोलशास्त्रज्ञ झाला म्हणजे बोर्डाचा मेंबर, हितसंबंध उघडउघड. पण त्याची पद्धत काही थोतांड नव्हती. ती चालायची, फक्त आकडेमोडीला चार-चार तास लागायचे, म्हणून त्याने नॉटिकल अल्मनॅक काढलं, १७६७ सालापासूनचं, ज्यात बरीचशी गणितं आधीच करून छापलेली, आणि वेळ अर्ध्या तासावर आला. एच-४ सारखं घड्याळ जगात एकच होतं आणि छापील पुस्तक कुठल्याही जहाजाला परवडत होतं, हजारो खलाशी त्या पुस्तकाच्या भरवशावर घरी पोचले. हे मोठं काम आहे आणि हॅरिसनवरच्या प्रेमापोटी ते झाकलं जाऊ नये.

वागणूक मात्र वाईट होती, तेही तितकंच खरं. १७६५ च्या नव्या कायद्याप्रमाणे निम्मे पैसे घड्याळ कसं चालतं ते उघड केल्यावर आणि उरलेले निम्मे दुसऱ्या कारागिरांना तसंच बनवता आल्यावर. ऑगस्टमध्ये ७२ वर्षांच्या हॅरिसनने रेड लायन स्क्वेअरमधल्या आपल्या घरी मॅस्केलीनसकट सगळ्यांसमोर एच-४ चा एकेक स्क्रू काढून दाखवला. मग १०,००० पाउंडांचा पहिला टप्पा मिळाला, तोही आधी दिलेले वजा करून. पुढच्या वर्षी मॅस्केलीन वॉरंट घेऊन पहिली तीन घड्याळं न्यायला दारात हजर. उचलताना माणसांच्या हातून पहिलं घड्याळ पडलं. बाकीची बिनस्प्रिंगच्या गाडीत टाकून लंडनच्या दगडी रस्त्यांवरून खडखडत ग्रिनिचला नेली. ३० वर्षं ज्याने केसाएवढ्या चुकीशी झगडा केला त्याच्या डोळ्यांदेखत.

म्हाताराही काही गरीब गाय नव्हता. पत्रकं काढून त्याने मॅस्केलीनवर तोंडसुख घेतलं, आणि त्याचं लिखाण म्हणजे लांबच लांब वाक्यं, मुद्दा शोधून काढावा लागतो. पण काम थांबवलं नाही. एच-४ ताब्यात नाही, डोळे अधू झालेले, तरी विल्यमला घेऊन पाचवं घड्याळ पूर्ण केलं. १७७२ मध्ये ते घेऊन बापलेक गेले थेट तिसऱ्या जॉर्ज राजाकडे. राजाने रिचमंडमधल्या स्वतःच्या वेधशाळेत दहा आठवडे ते तपासलं, चूक दिवसाला एक तृतीयांश सेकंदापेक्षा जास्त नाही. राजा चिडला आणि त्याने बाजू लावून धरली. १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पाउंड दिले. सगळी मदत धरली तर एकूण २३,००० च्या आसपास मिळाले, म्हणजे पैशाने तो वंचित राहिला असं म्हणता येत नाही, पण ते अधिकृत बक्षीस, 'हा प्रश्न तू सोडवलास' असं म्हणणारं, ते त्याला किंवा कोणालाच कधी दिलं गेलं नाही. विल्यम तेव्हा ४५ वर्षांचा. कळायला लागल्यापासूनचं त्याचं सगळं आयुष्य वडिलांच्या घड्याळात गेलं आणि त्याच्याबद्दल कोणी चार ओळी धड लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

बोर्डाने लार्कम केंडॉल नावाच्या घड्याळजीकडून एच-४ ची हुबेहूब नक्कल करून घेतली होती. ती नक्कल १७७२ ते १७७५ च्या दुसऱ्या सफरीवर कॅप्टन कुकबरोबर गेली, दक्षिणेच्या बर्फापासून ते उष्ण कटिबंधापर्यंत, आणि चंद्राच्या पद्धतीवर विश्वास ठेवून निघालेला कुक परत आला तो त्या घड्याळाला विश्वासू मित्र म्हणत. ही बातमी हॅरिसनच्या हयातीत आली, हे बरं झालं. २४ मार्च १७७६ ला तो गेला. नंतर जॉन अरनॉल्ड, थॉमस अर्नशॉ अशांनी घड्याळाची रचना सोपी आणि स्वस्त केली, आणि १८३१ मध्ये 'बीगल' निघालं तेव्हा त्या एका जहाजावर २२ क्रोनोमीटर, म्हणजे अशी अचूक सागरी घड्याळं, होते. आज मोबाइलवर निळा ठिपका दिसतो तोही घड्याळांवरच चालतो, फक्त ती उपग्रहात आहेत, आणि तिथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जमिनीवर ३०० मीटरचा फरक पडतो.

त्याची स्वतःची घड्याळं मात्र ग्रिनिचला गंजत पडली होती. १९२० मध्ये रूपर्ट गूल्ड नावाच्या नौदलाच्या अधिकाऱ्याला ती दिसली, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच त्याला मानसिक आजाराने खचवलं होतं, आणि त्याने ती नीट करायला घेतली. घड्याळाचं कुठलंही शिक्षण नाही, हॅरिसनसारखंच. एकट्या तिसऱ्यावर सात वर्षं गेली. पहिलं घड्याळ १९३३ मध्ये पुन्हा चालू झालं. आता पहिली तीन चालू असतात, त्यांना तेल लागत नाही. चौथ्याला लागतं, चालवलं तर झिजेल, म्हणून ते बंद ठेवलेलं असतं.

एक गोष्ट राहिली. मरायच्या आदल्या वर्षी, १७७५ मध्ये, हॅरिसनने एक पुस्तक छापलं आणि त्यात दावा केला की माझ्या पद्धतीने लंबकाचं घड्याळ केलं तर १०० दिवसांत त्याची चूक एका सेकंदाच्या आत राहील. लोकांनी त्याची टर उडवली, म्हाताऱ्याला भ्रम झालाय इथपर्यंत. त्याचं म्हणणं असं की लंबक हलका पाहिजे आणि त्याचा झोका मोठा पाहिजे, आणि घड्याळशास्त्र सांगतं याच्या अगदी उलट. १९७० च्या दशकात मार्टिन बर्जेस या घड्याळकाराने त्या किचकट पुस्तकातून अर्थ लावत तसं घड्याळ करायला घेतलं, नंतर दुसऱ्या कारागिरांनी ते पूर्ण केलं. ग्रिनिचला त्याला सीलबंद पेटीत घालून १०० दिवस तपासलं. २०१५ मध्ये निकाल आला, चूक सेकंदाच्या पाच अष्टमांश. मोकळ्या हवेत चालणारं सगळ्यात अचूक यांत्रिक लंबक घड्याळ म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ३० जून १७३७ ला स्वतःच्या घड्याळाचे दोष सांगणारा आणि ८२ व्या वर्षी हा दावा करणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही वेळा तो जे आहे तेच सांगत होता.